मावशीचा सातवा वाढदिवस

नॅपकिन तिने मुद्दाम पाडला. मांडीवरून जरासा सरकवला, गुडघ्यावर क्षणभर थोपवला आणि दिला सोडून. मग हळूच घड्याळाकडे पाहिलं. तीस सेकंदांत नवा नॅपकिन यायला हवा, असा नियम होता.

अकराव्या सेकंदाला तो आला. राखाडी कोट, छातीवर वाढप्यांच्या प्रमुखाचा 'कॅप्टन' असा बिल्ला, हातातल्या छोट्या तबकात घडी घातलेला नवा नॅपकिन. पडलेला त्याने अशा सहजपणे उचलला, की शेजारच्या टेबलाला पत्तासुद्धा लागला नाही. आणि जाता जाता तो हसला. ओठांनी थोडं, डोळ्यांनी जास्त.

'अकरा सेकंद', तिने मनात टिपून घेतलं. हसण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

तिचं कामच तसं होतं. बड्या हॉटेलांचे मालक तिच्या कंपनीला सांगायचे, आणि कंपनी तिला गिऱ्हाईक म्हणून जेवायला पाठवायची. सूप किती मिनिटांत आलं, काटा कुठल्या बाजूला ठेवला, पाणी न मागता मिळालं का... एकशे बारा प्रश्न. ती कोण आहे हे हॉटेलात कुणालाही कळता कामा नये, ही पहिली अट. एकटी बाई इकडेतिकडे टकमक बघत बसली की लोकांना संशय येतो, म्हणून ती मावशीला बरोबर घ्यायची.

मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. जिभेला हाड नाही आणि गोडाला नाही म्हणायची सवय नाही. वाढदिवसाला हॉटेलवाले काय करतात, हाही तक्त्यातला एक प्रश्न असल्यामुळे मावशीचा या वर्षातला हा सातवा वाढदिवस होता. एरवी मावशी तिला 'मोजपट्टी' म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

हे हॉटेल तर असं, की दारावरचा माणूस आधी तुमच्या चपलांकडे बघायचा आणि मग हसायचा. बाराव्या मजल्यावरचं इटालियन रेस्तराँ म्हणजे नुसत्या काचा आणि दुपारचं ऊन. कुठून तरी लोण्यात परतलेल्या लसणाचा वास येत होता.

"आज काही खास निमित्त?" कॅप्टनने मेन्यू पुढे करत विचारलं.

"माझा वाढदिवस!" मावशी म्हणाली. सात वेळा म्हणून म्हणून तिचा आवाज अगदी खरा वाटायला लागला होता.

"अरे वा! शुभेच्छा, मावशी."

'मॅडम' म्हणायला हवं होतं, अर्धा गुण गेला. मावशी मात्र लोण्यासारखी विरघळली.

मग मोजपट्टीने एक्केचाळिसावा प्रश्न काढला. "तुमच्याकडची खासियत काय आहे?" याचं ठरलेलं उत्तर तिला पाठ होतं. भट्टीत भाजलेला अख्खा मासा. मेन्यूच्या पहिल्याच पानावर त्याचा फोटो होता, आणि प्रत्येक वाढप्याने तोच सुचवायचा, असा हॉटेलचा हुकूम होता.

कॅप्टनने मावशीकडे पाहिलं. मग तो किंचित वाकला.

"मासा नका घेऊ आज," तो हळू आवाजात म्हणाला. "परवाचा आहे. खराब नाही, पण... माझ्या आईला मी तो वाढला नसता."

सहा वर्षांत मोजपट्टीने या प्रश्नाला शेकडो उत्तरं ऐकली होती. असं एकही नव्हतं.

"मग आईला काय वाढाल?" तिने विचारलं.

"हातचा पास्ता. टोमॅटो, बेझिल, वर थोडं चीज. आमचे शेफ सकाळपासून लाटतायत. मेन्यूत पार शेवटी आहे, तिथवर कुणी पोचतच नाही."

"आणि मला?"

हा प्रश्न एकशे बारांमध्ये नव्हता. कुठून आला कोण जाणे!

"तुम्हाला..." तो थांबला. "तुम्हाला घाई नसेल तर रिसोटो. भात ढवळत बसावं लागतं, वीस मिनिटं लागतात. कुठवर आलाय ते मी मधून मधून येऊन सांगत जाईन."

"किती किती वेळाने?"

"तुम्ही म्हणाल तसं."

टेबलाखाली मावशीने तिचा पाय जोरात दाबला.

तो चारदा आला. पहिल्यांदा म्हणाला, कांदा पारदर्शक झालाय. दुसऱ्यांदा, तांदूळ अजून हट्ट धरून बसलेत. तिसऱ्यांदा, "आता जरा नरमलेत." त्यावर ती म्हणाली, "फार लवकर नरमले." तो म्हणाला, "सगळेच काही तुमच्यासारखे नसतात, मॅडम." आणि चौथ्यांदा त्याने नुसती बशी पुढ्यात ठेवली आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभा राहिला. रिसोटो फार सुरेख झाला होता. तो किती मिनिटांत आला, हे बघायचं मात्र ती साफ विसरली होती.

वाढदिवसाचं तिरामिसू संपवून मावशी हात धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तिचे हात काही एवढे माखले नव्हते.

कॅप्टनने कॉफी आणली. कप ठेवता ठेवता म्हणाला, "अहवालात माशाचं लिहाल ना?"

"कसला अहवाल?" ती म्हणाली, पण तिचे कान तापले.

"नॅपकिन पडला की माणूस खाली बघतो, मॅडम. तुम्ही घड्याळ बघितलंत."

सहा वर्षांत ती एकदाही पकडली गेली नव्हती. आणि पकडली गेली ती अशी... नॅपकिनापायी!

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? तरी माशाचं खरं सांगितलंत?"

"वाढदिवस खोटा असेल. मावशी तर खऱ्या आहेत ना?"

तिने उगाचच साखर ढवळली. कॉफीत ती साखर कधीच घालत नसे.

"अजून एक," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "इथल्या मॅनेजरची जागा रिकामी झालीय. चार वर्षं मी त्या जागेवर डोळा ठेवून आहे. तुमच्या अहवालावर ठरणार आहे. गुण मागत नाही मी. पण हे पोटात ठेवून तुम्हाला कॉफी पाजणं बरं दिसेना, म्हणून सांगितलं."

घरी परतताना टॅक्सीत मावशीची टकळी चालू होती. पास्ता काय, टोमॅटो काय, आणि तो मुलगा... मोजपट्टीच्या डोक्यात मात्र कंपनीचे दोन नियम फिरत होते. पहिला, हॉटेलात ओळखले गेलात तर तसं लिहायचं. मग त्यातले सगळे गुण रद्द, शेरे तेवढे मालकांकडे जाणार, आणि सहा महिन्यांनी नवा तपासनीस. दुसरा, ज्याला गुण दिले त्याच्याशी ओळख वाढवायची नाही. आज नाही, पुढेही नाही.

गप्प बसली तर त्याला मॅनेजरची जागा मिळणार. त्याने त्या जागेसाठी चार वर्षं काढली होती, आणि खरं सांगायचं तर त्या जागेला त्याच्याइतका लायक माणूस तिने पाहिला नव्हता. पण मग तिला त्याच्याकडे पुन्हा कधी ढुंकूनही बघता आलं नसतं. आणि खरं लिहिलं, तर दुसरा नियम आड येणार नव्हता, पण त्याच्या तोंडचा घास तीच काढून घेणार!

संध्याकाळी ती तक्ता पुढ्यात घेऊन बसली. मावशी समोर चहा घेऊन.

"कशावर एवढं अडलंय?" मावशीने विचारलं.

"मावशी, मला तो माणूस आवडलाय."

"ते मला कांदा पारदर्शक झाला तेव्हाच कळलं. पुढे बोल."

तिने दोन्ही नियम सांगितले. मावशीने चहाचा घोट घेतला. "मुलांचे पेपर तपासताना मी एकच बघायचे," ती म्हणाली. "नंतर त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देता येईल ना? तेवढं बघ आणि लिही. रडायचं तर नंतर रड."

ती रडली नाही. एक्केचाळिसाव्या प्रश्नाला नियमाप्रमाणे तिने शून्य दिलं. शेऱ्यात लिहिलं, 'मासा परवाचा होता. या माणसाने तो आम्हाला घेऊ दिला नाही. याच्या हातचं मी डोळे मिटून जेवेन.' आणि शेवटच्या ओळीत, 'तुम्ही ओळखले गेलात का?' याच्यापुढे ठळक अक्षरांत 'हो'. मग तो कागद पाठवून दिला आणि मावशीचा उरलेला चहा पिऊन टाकला.

दहा दिवसांनी, भर दुपारी, ती एकटीच बाराव्या मजल्यावर गेली.

कॅप्टन दारातच होता. त्याला सगळं कळलेलं होतं, हे तिला तो वाकला त्यावरूनच समजलं. अगदी नियमात बसेल इतकाच वाकला.

"या मॅडम. खिडकीजवळचं टेबल चालेल?"

तिने रिसोटो मागवला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. भाताची बातमी घेऊन कुणी आलं नाही. बशीसुद्धा दुसऱ्याच वाढप्याने आणली. कॅप्टन लांब, काचेपाशी उभा राहून ग्लास उन्हात धरून पुसत होता. एकच ग्लास, पुन्हा पुन्हा.

ती उठली आणि तडक त्याच्यापाशी गेली. भरल्या रेस्तराँमधून अशी टेबल सोडून कुणी जात नाही. तिला त्याची फिकीर नव्हती.

"रागावलात?"

"नाही, मॅडम."

"रागावलात. आणि बरोबर आहे तुमचं. तुमची जागा माझ्यामुळे गेली."

त्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही खरं लिहिलंत. त्यात तुमचा काय दोष? मीच ओळखलं, मीच बोलून बसलो."

"थांबा. मला उगाच मोठं करू नका," ती म्हणाली. "मी खरेपणासाठी लिहिलं असं सांगितलं, तर तेच खोटं होईल. तुम्हाला गुण दिले असते तर तुमच्याशी ओळख ठेवता आली नसती. गुण किंवा ओळख, दोन्हीतलं एकच मिळणार होतं. मी ओळख घेतली. तुम्हाला न विचारता घेतली. सहा महिने तुमचे गेले आणि हौस माझी भागली... हे तोंडावर सांगायला आलेय. जेवायला नाही."

आतून कुणीतरी 'कॅप्टन!' अशी हाक मारली. ती त्याने ऐकली, पण तो हलला नाही.

"शेरा वाचला मी," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आता मासा रोज ताजा येतो."

"आणि?"

"आणि... दहा दिवस मला एकच कळत नव्हतं. रागावू की तुमचा पत्ता शोधू?"

"काय ठरलं मग?"

"अजून ठरतंय," तो म्हणाला, पण त्याचे डोळे हसायला लागले होते. "साडेतीनला आमचं जेवण असतं. खाली, तळघरात. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत."

"मी पाहुणी नाहीच. आणि तपासनीसही नाही, कंपनीने माझं नाव या हॉटेलच्या यादीतून कापलंय."

मालाच्या लिफ्टने ती दोघं खाली गेली. लिफ्टमध्ये बटाट्यांच्या पोत्यांनी बरीच जागा अडवली होती, त्यामुळे जवळ उभं राहावं लागलं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

तळघरात लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, जाड पांढऱ्या बशा. हॉटेलचे धोबी, टेलिफोनवरच्या बायका, वरचे स्वयंपाकी, सगळे दाटीवाटीने बसलेले. मोठ्या पातेल्यात सूप होतं आणि वरच्या रेस्तराँत न खपलेले पाव. कोपऱ्यातल्या दोघांनी सरकून तिला जागा दिली. कॅप्टन तिच्या शेजारी बसला.

"कोण रे या?" पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांचे शेफ टेबलाच्या टोकावरून गरजले.

"यांनी माझी बढती सहा महिने लांबवली."

सगळे चमचे थांबले.

"हो, मीच ती," ती म्हणाली. "आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करेन."

शेफनी क्षणभर तिला न्याहाळलं. मग डाव उचलला आणि तिची बशी काठोकाठ भरली. हसण्याची एकच लाट उठली आणि चमचे पुन्हा चालू झाले.

त्या गलबल्यात तो तिच्याकडे वळला. "बढतीसाठी सहा महिने थांबेन मी," तो म्हणाला. "वर्षभरसुद्धा थांबेन. पण तुमच्यासाठी... तुमच्यासाठी थांबायला सांगू नका मला."

तिने पाव मोडला. मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला, अगदी सगळ्यांच्या देखत.

"सांगितलंय कुणी थांबायला?" ती म्हणाली.