भोकरच्या घरचं एकच खातं

नांदेडच्या लॅबमधली ड्यूटी संपली की तनुजाची पावलं सुदर्शनच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाकडे वळायची. पहिल्यांदा ती फुटलेली काच बदलायला गेली होती. फोन परत देताना त्यानं नुसतं वर पाहिलं... तेवढं पुरलं.

दर वेळी काच फोडणं काही परवडणारं नव्हतं. मग तिनं विचारलं, इंटरनेटवर आपलं खासगी ते खासगी राहावं म्हणून काय करायचं? पहिल्या सोमवारी त्यानं माग काढू न देणारं ब्राउझर टाकून दिलं, दुसऱ्या सोमवारी पासवर्ड सांभाळणारं ॲप. तिसऱ्या सोमवारी नको त्या परवानग्या बंद केल्या. टॉर्चला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत, म्हणाला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंही ते पुरवून पुरवून केलं.

चौथ्या सोमवारी त्यानं तिच्या फोनमधलं खातं उघडलं आणि तो चक्रावला. "भुजंगराव कोण?"

"आमचे बाबा."

भोकरला घरात पहिला फोन आला तेव्हा दुकानदारानं त्यांच्या नावानं खातं काढून दिलं होतं. पुढे फोन पाच झाले, खातं तेच राहिलं. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी.

"मग तुम्ही इथं शोधता ते तिकडं समद्यांना दिसून राहिलंय की."

तनुजानं झटकन फोन ओढून घेतला. कालच जुन्या सवयीनं, जुन्याच ब्राउझरमध्ये तिनं काय शोधलं होतं... बाबांनी ते वाचलं तर नांदेडची नोकरी बंद, भोकरची एसटी सुरू.

"मी बघत न्हाई. तुम्हीच पुसा," म्हणत सुदर्शननं पाठ फिरवली. त्या पाठीवरही ती भाळली.

तेवढ्यात बाबांचाच फोन आला आणि गडबडीत बोट स्पीकरवर पडलं.

"तनू, 'सुदर्शन मोबाईल नांदेड, मालकाचं लग्न झालंय का' हे कोन इचारून राहिलंय? तुझी माय म्हनती, मी न्हाई."

सुदर्शन हळूच वळला. त्याचे कान लाल झाले होते. तो फोनकडे वाकून म्हणाला, "न्हाई झालं, काका."

पलीकडे बाबांचा आवाज उतरला.

"तनू... तुला पसंद हाय का?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती, आणि तिला बोलायचंही नव्हतं. "हाव, बाबा."

"मंग रविवारी घेऊन ये त्याला. माझा बी फोन लई गरम होऊन राहिलाय."

फोन बंद झाला. सुदर्शननं विचारलं, "आता हे पुसायचं का... राहू द्यायचं?"

"राहू द्या," तनुजा म्हणाली. "पण खातं आजच वेगळं करा. पुढचं मला तुम्हालाच इचारायचंय."