पंख्याच्या खोलीतलं ‘बंद’

यात मी माझ्या पदरचं काहीही घातलेलं नाही. कुणाला पटो न पटो, जसं घडलं तसं लिहिते आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्र नव्हती. सोलापूरची भर दुपार होती.

आम्ही भवानी पेठेत राहतो. घरात कन्नड, उंबऱ्याबाहेर मराठी. माझा मुलगा मल्लेश कारखान्यांतल्या मोठ्या पंख्यांची देखभाल करतो. बेअरिंगला ग्रीस घालायचं, पट्टा ताणायचा, पाती साफ करायची. त्याच्या जोडीला जोतिराम असतो. तो करकंबचा. कन्नडचा त्याला गंध नाही. "ऊट माडु" म्हटलं की जेवायला बसतो, तेवढं मात्र बरोबर कळतं!

त्या दिवशी काम टॉवेलच्या एका कारखान्यात होतं. सुट्टीचा दिवस. आत हे दोघं, आणि गेटवर वॉचमन. तो बिहारचा, त्यालाही कन्नड येत नाही.

छपरावर पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात माणसाच्या उंचीचा पंखा. टॉवेल सुकवायच्या खात्यातली गरम हवा तो मोठ्या पत्र्याच्या नळातून ओढून बाहेर टाकतो. हवेबरोबर सुताचं तूस येतं आणि पात्यांवर जाड बसतं.

या दोघांची एक पद्धत होती. आधी पंखा चालवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा. मग जोतिराम खाली जाऊन पंखा बंद करणार, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवणार. मल्लेश वरून विचारणार, "बंद?" नळातून जोतिरामचं उत्तर येणार, "बंद!"

ते आल्याशिवाय पात्यांना हात लावायचा नाही.

त्या दुपारी मल्लेश पंख्याच्या खोलीत उभा होता. जोतिराम खाली गेला. थोड्या वेळानं पंखा मंदावला.

थांबला.

मल्लेशनं विचारलं, "बंद?"

मल्लेशनं नळाला कान लावला.

त्यानं परत विचारलं, "बंद हाय का रे?"

आणि नळातून आवाज आला...

"बंदऽ"

शेवट जरा लांबला होता. नळात आवाज घुमतो, म्हणून त्याला काही वाटलं नाही. त्यानं कोपरापर्यंत हात पात्यांत घातला आणि तूस खरवडायला लागला.

आत उकाडा होता. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता.

तेवढ्यात परत...

"बंदऽ"

या वेळी खालून नाही. पंख्याच्या पलीकडून. अगदी हातभरावरून.

पलीकडे माणूस उभा राहील अशी जागाच नाही.

"ज्योत्या, मस्करी बास की!" मल्लेश ओरडला. टॉर्च घ्यायला त्यानं हात बाहेर काढला...

आणि पंखा सुरू झाला.

मल्लेश मागे पत्र्यावर आदळला. कसाबसा रांगत दाराबाहेर आला. समोरून जोतिराम पाण्याचा जार खांद्यावर घेऊन जिना चढत होता.

"आरं, आत कशाला शिरलास? मी आधी पाणी आणाय गेटवर गेल्तो की! लाईट गेल्ती, आत्ता आली. फ्यूज कुटं काढलाय मी!"

पंखा ऑटोवर होता. वीज गेली म्हणून थांबला, आली तसा फिरला.

मग उत्तर कुणी दिलं?

घरी आल्यावर मल्लेशनं ताटाला हात लावला नाही. खोदून विचारलं, तेव्हा बोलला, आमच्या कन्नडमध्येच; इथं मराठीत लिहिते.

"बाईचा आवाज का बाप्याचा रे?"

"सांगता यायचं न्हाय, अव्वा."

"कसं म्हणालं? तसंच म्हणून दाखव."

"बंदऽ."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"मल्लू, परत म्हण."

त्यानं म्हटलं. आणि म्हणता म्हणता त्याचाच चेहरा उतरला. कामावर त्याचे कान मराठी असतात. घरात, माझ्यासमोर, त्याला तो शब्द ऐकू आला.

ते मराठी नव्हतंच. कन्नडमध्ये ‘बंदऽ’ म्हणजे ‘तो आला’.

मल्लेशचे वडील मिलमध्ये होते. भोंगा झाला की माझी सासू ओट्यावर येऊन बसायची. सायकल वळणावर दिसली की तिथूनच आत मला सांगायची, "बंदऽ". मग मी तव्यावर भाकरी टाकायची. किती वर्षं झाली! मिल नाही, भोंगा नाही, ती दोघंही नाहीत. पण त्या शब्दानं मला कधी भीती वाटली नव्हती.

त्या दिवशी वाटली.

कारण ‘तो आला’ असं येणाऱ्याला कुणी सांगत नाही.

ते आत बसलेल्याला सांगतात.

म्हणजे त्या खोलीत बोलणारं एकटं नव्हतं, ऐकणारंही कुणीतरी होतं...

मी म्हटलं, "सोड ते काम."

"अव्वा, त्या एका कारखान्याचं सोडलं तरी बाकीचे पंखे हायेतच की. आन् तूस साचलं तर उद्या आग लागंल तितं."

शेवटी जोतिरामनं शब्द बदलला. ‘बंद’ म्हणायचंच नाही. "फ्यूज खिशात!" असं ओरडायचं. दोघं त्यावर हसलेसुद्धा.

ऑगस्टमध्ये ते परत तिथं गेले. मी दिवसभर सिद्धेश्वराचं नाव घेत बसले. काम नीट झालं. काही ऐकू आलं नाही. मल्लेश हसत घरी आला. चहा प्यायला आणि दूध आणायला बाहेर पडला.

भिंतीवर अजून ऊन होतं. घरात मी एकटी.

थोड्या वेळानं जोतिराम आला. मल्लेशचा पाना त्याच्या पिशवीत राहिला होता.

"मल्लेश वाटेत भेटला न्हाई का रे?" मी विचारलं.

"कोपऱ्यावर पाठमोरा दिसला की. हाक मारणार, तवर तुमच्या दारातनं कोणतरी बोललं."

"कोण?"

"काय म्हाईत... हौद म्हणल्यावानी वाटलं. हौद साफ कराय माणूस लावलाय का काय, मावशी?"

आमच्याकडे हौद नाही. कधीच नव्हता.

कन्नडमध्ये ‘होदऽ’ म्हणजे ‘तो गेला’.

आईच्या कानाला हे कसं लागतं, ते मी काय लिहू?

जोतिरामला बसवलं. चहा दिला. तो पाना ठेवून गेला. मी देवघरासमोर बसले. दूध आणायला असा किती वेळ लागतो? दाराकडे बघायचा धीर होईना.

मल्लेश परत आला. धडधाकट आला. अजूनही रोज कामावर जातो, रोज येतो.

पण त्या संध्याकाळी त्याची चप्पल वाजायच्या आधी, कडी हलायच्या आधी, मला कळलं होतं की तो आला.

कसं कळलं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.