भिंतीवरची चौकट

डाव्या हातानं चहा देतोय, राग मानू नका. उजव्याची गोष्ट आज सांगूनच टाकतो.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला सहा वर्षं झाली होती. औरंगपुऱ्यातल्या श्रीनिवास वकिलांनी छावणीतल्या एका साहेबी बंगल्यात भिंतीतल्या शेकोटीभोवती लाकडी चौकट पाहिली आणि त्यांना तश्शीच आपल्या दिवाणखान्यात हवी झाली. आमच्याकडं उन्हाळ्यात भिंती भाजून निघतात, शेकोटी कुठली! पण हौसेपुढं कुणाचं चालतं?

"सांडू मिस्त्री, नुसती भिंतीला लावायची. मागं काही नाही. सागवान मात्र जुनं, मुरलेलं पाहिजे."

तसं सागवान माझ्या माळ्यावर होतं. कुठून आलं, ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. ॲक्शननंतरच्या त्या आठवड्यात कन्नडजवळच्या आमच्या गावातला जमाव विणकर चाचांच्या दारावर गेला. चाचांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. सगळ्यांपुढं कुऱ्हाड घेऊन मीच होतो. फळी फुटली. फटीतून चाचीचा हात बाहेर आला, बोटांवर मेंदी.

"सांडू... नक्को रे, बेटा..."

त्याच हातानं मला लहानपणी शेवया भरवल्या होत्या. मी घाव घातला. चारही बोटं उंबऱ्यावर पडली. लोकांनी घर पेटवायच्या आत मी त्या दाराची चौकट उपटून आणली. चांगलं लाकूड जळू नये म्हणून! त्या विचाराची आजही किळस येते.

तीच चौकट रंधा मारून भर दुपारी वकिलांच्या भिंतीला ठोकली. दाराची चौकट उभी राहिली की हळदकुंकू लावायचं आणि 'बाई, आत या' म्हणून लक्ष्मीला बोलवायचं, ही बापाची शिकवण. सवयीनं हळदकुंकू लावलं, सवयीनंच बोलून गेलो. हे दार नाही, हे नंतर लक्षात आलं.

भिंतीतून आवाज आला. ठक्.

वकिलांच्या मंडळी भानुमतीबाई पुढं आल्या. "पलीकडं कोण आहे, मिस्त्री?"

"कुणी नाय, बाई. भरीव भिंत हाय..."

ठक्. ठक्. कुऱ्हाडीचे घाव होते, आणि त्यांचा जोर माझ्या ओळखीचा होता. चुना गळायला लागला. जळक्या सुताचा वास सुटला. चौकट बाईंच्या अंगावर येईल म्हणून मी उजव्या पंजानं ती दाबून धरली. सुताराचं सगळं पोट त्या पंजात असतं.

"चाची... नक्को..."

भिंतीला चीर पडली आणि पुढचा घाव माझ्या बोटांवर बसला.

माझी हत्यारं सगळी पिशवीत बांधलेली होती. वकील धावत आले. डॉक्टर शिवतील या आशेनं फरशीवरची बोटं धोतराच्या सोग्यात वेचू लागले आणि वेचता वेचता थांबले.

माझी चार गेली होती. त्यांच्या सोग्यात आठ होती. चारांवरची मेंदी अजून ओली होती.