तळ्यावरचं फाटक

निघण्यापूर्वी हेझल ब्रेथवेटनं दोनदा मोजलं. तिला सोडून आठ माणसं, एक कुत्रा, सहा काठ्या, चार थर्मास. पुढे वाटेत सात फाटकं. आठांतला सर्वांत मागचा तिचा बाप होता.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्केलबेकची हौशी मंडळी चर्चशेजारी गाड्या लावून डोंगर चढायला निघत. तीस वर्षं पुढे चालायचा मान विल्फ ब्रेथवेटचा होता. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तो एका सकाळी पोस्टात जाऊन बसला आणि स्वतःच्याच घरचा रस्ता विचारू लागला. डॉक्टरांनी हळू आवाजात काहीबाही सांगितलं. मॉरीननं, त्याच्या बायकोनं, त्याच्या जाकिटाच्या आत घरचा फोन नंबर शिवून टाकला आणि डोंगर बंद म्हणून जाहीर केलं. विल्फनं आठवडाभर अबोला धरला. शेवटी तडजोड झाली ती अशी: पुढे हेझल, मागे विल्फ.

"परत आणशील ना त्याला?" मॉरीननं दारातच विचारलं होतं.

"आई, अर्ध्या दिवसाची तर चाल आहे."

"शब्द दे."

"दिला."

"आणि टोपी काढू देऊ नकोस त्याला."

फाटकाची रीत विल्फनंच बसवलेली. पुढच्यानं फाटक उघडून बाजूला थांबायचं आणि प्रत्येकाच्या पाठपिशवीला हात लावत मोजायचं. शेवटच्यानं फाटक ओढून कडी घालायची आणि कडीवर काठीनं दोनदा ठोकायचं. ठक ठक, म्हणजे सगळे आले, फाटक लागलं. या खोऱ्यात फाटक उघडं टाकणं म्हणजे चर्चमध्ये शिवी देण्यापेक्षा वाईट. दोन शेतकऱ्यांच्या मेंढ्या एकमेकांत मिसळल्या की वर्षभर बोलणी खावी लागतात.

"तोंडं बघू नकोस," विल्फनं तिला बजावलं होतं. "तोंड बघितलं की लोक बोलायला लागतात आणि आकडा चुकतो. पिशव्या मोज."

पहिल्या फाटकाशी केन रिग अडून उभा राहिला. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. "हेझलबाई, सुटे नाहीत हो माझ्याकडे."

"मग उतरा खाली."

"पाहिलंस विल्फ? अगदी तुझ्यावर गेलीय."

"माझ्यावर गेली असती तर तुला चढूच दिलं नसतं," मागून विल्फ म्हणाला. सगळे हसले. आठ पिशव्या गेल्या. ठक ठक.

वाट दगडी गडग्याच्या कडेकडेनं वर जात होती. नेच्याचं रान तांबूस पडून आडवं झालं होतं. खाली सरोवर राखाडी दिसत होतं आणि त्यावरून एकच होडी चालली होती. मिसेस निकोल्सनचा कुत्रा पिकल सकाळपासून विल्फच्या पायांत घुटमळत होता, कारण विल्फच्या खिशात आल्याचा केक होता. दुसरं फाटक, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी आठ, प्रत्येक वेळी ठक ठक. हेझलच्या मनावरचं ओझं हळूहळू उतरलं.

चौथ्या फाटकापलीकडे डोंगराच्या ओंजळीत डनटार्नचं तळं होतं. तिथे जेवण. हेझल विद्यापीठासाठी डोंगरातल्या तळ्यांच्या पाण्याची नोंद ठेवायची. तिनं पिशवीतून तापमापक काढला, वायरच्या टोकाची धातूची कांडी पाण्यात सोडली आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबली. ६.४ अंश.

"चहाला चालेल का?" केननं विचारलं.

"अंघोळीला चालेल. जा."

विल्फ जरा बाजूला बसला होता. सँडविच हातात तसंच. तो तळ्याच्या पलीकडच्या काठाकडे बघत होता.

"बाबा, काय बघतोस?"

"कुणीतरी बसलंय तिथे."

हेझलनं पाहिलं. लव्हाळं होतं, आणि पाण्याला टेकलेला एक काळा दगड. "दगड आहे तो."

"असेल," विल्फ म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण मघाशी त्याची पाठ होती आपल्याकडे."

तिनं त्याची टोपी कानावर ओढून नीट केली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं काही बोलला तर वाद घालायचा नाही.

डबे भरेपर्यंत धुकं उतरलं. आधी तळ्यामागचा कडा गेला, मग पलीकडचा काठ, मग तळंच गेलं. हेझलनं सगळ्यांना एका ओळीत लावलं, पुढच्याची पिशवी दिसेल इतक्या अंतरावर राहा म्हणून सांगितलं आणि चढणीला लागली. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. कुणाचा तरी खोकला डावीकडून आल्यासारखा वाटे आणि माणूस मागे असे.

पिकल धावत पुढे आला. तो हेझलच्या बुटांना चिकटून चालू लागला, इतका की तिला दोनदा ठेच लागली.

"याला काय झालंय मेलं?" मिसेस निकोल्सन म्हणाल्या. "केक संपला वाटतं विल्फचा."

पाचवं फाटक तळ्याच्या वर खिंडीत होतं. हेझलनं ते उघडलं आणि बाजूला उभी राहून मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. केन काही न बोलता गेला. सहा, सात. आठव्या पिशवीचा पट्टा तिच्या तळहाताला ओलाचिंब लागला. ओलं तर सगळंच होतं.

चार पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की काठीचा आवाज आलाच नाही. वळून पाहिलं तर फाटक सताड उघडं.

"बाबा, फाटक!"

तो थांबला नाही. तसाच पुढे ओळीत निघून गेला, मान खाली घातलेली. तीस वर्षांत त्यानं फाटक उघडं टाकलं नव्हतं. असंच सुरू होतं, डॉक्टर म्हणाले होते. रोजच्या सवयी आधी जातात.

ती स्वतः मागे गेली. फाटकाला हात घातला, आणि पलीकडच्या धुक्यातून आवाज आला.

ठक ठक.

काठी दगडावर आपटल्यासारखा. ती थांबली. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

ठक ठक.

तळ्यामागे उभा कडा आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पुढे केनची काठी वाजतेय. आवाज कड्यावर जाऊन परत येतो. हिशोब सरळ होता. आठ माणसं होती आणि आठ पुढे गेली होती.

तिनं फाटक ओढून घेतलं आणि कडी घातली.

सहाव्या फाटकाशी आठ, सातव्या फाटकाशी आठ. दोन्ही तिनंच लावली.

"काय विल्फ, तोंडाला कुलूप घातलंस का रे?" उतरताना केननं मागे वळून विचारलं. त्यानंतर केननं मागे पाहिलं नाही, थट्टाही केली नाही. चर्चपाशी सगळे भराभर आपापल्या गाड्यांत बसले. पिकल गाडीत चढेपर्यंत गुरगुरत होता.

घरी मॉरीननं दार उघडलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "आणलंस गं बाई. आणि टोपी? टोपी कुठाय याची?"

हेझलला आठवेना. गाडीत तो मागच्या सीटवर बसला होता, काचेकडे तोंड करून.

"भिजलाय नुसता. ये, बस चुलीपाशी." मॉरीननं त्याला खुर्चीत बसवलं, हातात चहाचा कप दिला. त्यानं तो धरला, पण ओठांना लावला नाही. त्याच्या बुटांखाली फरशीवर पाणी जमत होतं. हेझल दारातून ते बघत राहिली. जाकीट उतरवूनही पाणी वाढतच होतं.

पॅसेजमध्ये फोन वाजला.

"ब्रेथवेट का?" पुरुषाचा आवाज होता. "डोंगरावरच्या बचाव पथकातून बोलतोय. जाकिटात हा नंबर शिवलेला सापडला. विल्फ नावाचे गृहस्थ तुमचेच ना?"

हेझलनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"घाबरू नका, शुद्धीवर आहेत. फार गारठलेत, पण बोलतायत. डनटार्नच्या वरच्या फाटकाशी सापडले, तळ्याच्या बाजूला, गडग्याला टेकून बसलेले. एक मेंढपाळ मेंढ्या बघायला गेला होता म्हणून बरं."

"फाटक..." हेझल म्हणाली.

"लावलेलं होतं. आम्ही विचारलं, आजोबा, उघडून का नाही आलात? तर म्हणतात, मुलगी आली होती फाटकाशी. मी दोनदा ठोकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कडी घातली. म्हणतात, तिची मोजणी पुरी झाली असणार, मग मी कसा येऊ? आहात ना फोनवर?"

"आहे."

"दवाखान्यात नेतोय त्यांना. कुणीतरी या."

तिनं फोन ठेवला.

"हेझल!" स्वयंपाकघरातून मॉरीननं हाक मारली. "अगं याचे हात बघ, बर्फ झालेत. घरातला थर्मामीटर लावला तर पारा हलतच नाही. तुझा तो आण बघू, पाण्याचा."

"आई, इकडे ये."

"आधी आण तर."

हेझल आत गेली. खुर्चीची पाठ तिच्याकडे होती. तळ्यापासून आत्तापर्यंत तिनं त्याचं तोंड पाहिलंच नव्हतं.

"आई, हात सोड आणि इकडे ये."

"मी कुठे धरलाय? यानंच धरलाय." मॉरीन हसली. डोळ्यांत पाणी होतं. "किती वर्षांनी गं. सोडतच नाहीये."

हेझलनं पिशवीतून तापमापक काढला. खुर्चीच्या मागूनच हात पुढे केला. धातूची कांडी त्या दोन तळहातांच्या मधे सरकवली, आईच्या हाताला लागणार नाही अशी.

आकडा उतरू लागला. एकोणीस. चौदा. नऊ.

मग ६.४ वर स्थिरावला.