फूल नसलेली बाग

शलाकाला एकविसावी शिंक आली, तेव्हा शेजारी बसलेल्या झुबेरने मोजणं सोडून दिलं.

"माझी हातापायांची बोटं संपली. आता तुझी दे."

शलाका हसली नाही. तिच्या शाळेचे वर्ग बागेतच भरत, वर ऊन गाळणारं पारदर्शक छत आणि खाली हिरवळ. पण माघ उजाडला की तिचं नाक वाहू लागे, डोळे सुजत. यंदाही फरक पडला नाही, तर बाबा तिला शहरातल्या बंद काचेच्या शाळेत घालणार होते. म्हणून तिच्या वर्गाने जास्वंद, मोगरा, झेंडू अशी सगळी फुलझाडं उपटून भिंतीपलीकडे कुंड्यांत नेऊन ठेवली होती. बागेत उरली हिरवळ आणि तुतीची आठ झाडं. शिंका मात्र चालूच.

"आबा, फूलच नाही, तर परागकण (फुलातली बारीक पूड, जिच्यामुळे बी धरतं) येतात कुठून?"

शलाकाने विचारलं. आबा म्हणजे तिचे आजोबा, ते आज बागेत आले होते. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि ही बाग त्यांनीच आखली होती. त्यांनी खिशातून लिंबाएवढा उडता यंत्रमानव काढला. त्याचं नाव भुंगा. तो हवेतले कण टिपून मोजत असे.

भुंगा भिंतीपलीकडे जाऊन आला. "जास्वंदीजवळ दोन कण. हिरवळीवर सहाशे. तुतीखाली चार हजार."

"बिघडलाय हा," झुबेर म्हणाला.

आबांनी तुतीची फांदी खाली ओढली. तिला हिरवट तुरे लोंबत होते.

"ही फुलंच आहेत. जास्वंद नटते ती कीटकांना बोलवायला. तिचे पराग जड आणि चिकट, ते कीटकांच्या अंगाला चिकटून जातात. तुतीचे पराग नेतो वारा. वाऱ्याला रंग दाखवून काय उपयोग? आणि तो कुठेही भरकटतो, म्हणून तुती लाखो हलके कण उधळते. वाढू दिलेलं गवतही तेच करतं. तुझं शरीर त्या निरुपद्रवी कणांना शत्रू समजून लढतं. हीच ॲलर्जी."

"पण तुतीला फळं येतात ना? आपल्या झाडांना कधीच आली नाहीत."

आबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

"तुतीत बहुधा नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पराग नराचे, फळं मादीची. जांभळ्या फळांनी फरशीवर डाग पडतात, म्हणून मी आठही झाडं नर निवडली. झाडलोट वाचली, आणि तुझं नाक वाहू लागलं. चूक माझी आहे, पोरी."

शलाका झाडांकडे बघत राहिली. ती झाडं तिच्याच वयाची होती.

"आबा, आंब्यावर कलम बांधतात, तशा यांच्यावर मादीच्या फांद्या नाही बांधता येणार?"

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "येतील की. आणि मादी तुतीला परागांवाचूनही फळ धरतं, फक्त बी रुजत नाही."

बाबा एक वर्ष थांबायला तयार झाले. नर फांद्या छाटल्या, कलमं बांधली. हिरवळीला तुरे येण्याआधीच ती कापायची पाळी झुबेरने घेतली. भिंतीपलीकडच्या कुंड्या परत आल्या.

पुढच्या वर्षी बाबा शाळेत आले, तेव्हा फरशी जांभळी झाली होती आणि शलाकाचा गणवेशही.

"सकाळपासून तीन शिंका," झुबेरने हिशेब दिला. "एका हातात मावल्या, काका."

बाबांनी दोन तुत्या तोंडात टाकल्या. मग खिशातून काचेच्या शाळेचा अर्ज काढला आणि त्याला बोटं पुसली.

आबांनी भुंग्याला हवेत सोडलं. नदीकाठी गावाची नवी बाग आखायची होती, आणि या वेळी तिथली हवा आधी मोजायची होती.