निळ्या स्फटिकांची कपार

कॅव्हन्साइट या दुर्मीळ खनिजाचं निळं फूल खडकातच उमललेलं एकदा तरी पाहावं आणि आपल्या हातांनी काढून आणावं, या एकाच ध्यासापायी मालन १९८४ च्या माघ अमावास्येला भल्या पहाटे होडीत बसली. रत्नागिरीच्या कॉलेजात ती भूशास्त्र शिकवी. वर्गात दाखवायला तिच्याजवळ पुण्याहून आणलेला नखाएवढा तुकडा होता, तोही दुसऱ्याच कुणी काढलेला. सिलिकेत व्हॅनेडियम मिसळून आलेल्या त्या निळाईत वर्षानुवर्षं तिचा जीव अडकला होता. आणि परवा, कालवं काढणारी तिची येसूआत्या सांगत आली, वेळणेश्वरापुढच्या कड्याखाली एका कपारीत न पुसणारं निळं शेवाळ आहे!

धाकू तांडेलाने होडी कड्यापाशी धरली. उधाणाच्या ओहोटीलाच कपारीचं तोंड उघडं पडे. मालन आणि सोबत आलेली येसूआत्या सरपटत आत शिरल्या. कालवांच्या धारेने मालनचं कोपर सोलवटलं. मग बॅटरीच्या उजेडात छतातली पोकळी दिसली. पांढऱ्या स्फटिकांच्या अंथरुणावर गडद निळ्या सुयांचे टपोरे गोंडे! तिने कडेला आम्लाचा थेंब टाकला. तांब्याचा निळा दगड असता तर फेसाळला असता. हा फेसाळला नाही. तोच! मालनला रडू कोसळलं.

"रडतेस काय गो बाय? थांब, मी देतंय काढून!"

"आत्या, नको!"

पण आत्याचा हात कालवं फोडण्यात मुरलेला. तिने लोखंडी टोच्या कडेला लावला आणि शिंपला उघडावा तसा एकच ठोका दिला. कॅव्हन्साइट मऊ आणि ठिसूळ. अर्ध्या गोंड्यांची भुकटी मालनच्या ओंजळीत पडली.

"जळला मेला माझा हात!" आत्या मटकन बसली.

"पानी वळलाय! भायेर या गो!" बाहेरून धाकू ओरडला.

लाट आत घुसली. भुकटी धुऊन गेली. गुडघे बुडाले. कंबर बुडाली! उरलेले गोंडे हाताशीच होते, आणि मालनच्या हातात छिन्नी होती. घाईत एक घाव, की त्यांचीही भुकटीच झाली असती. तिने छिन्नी टाकली, आत्याचा दंड धरला आणि लाट परतताच बाहेर मुसंडी मारली. धाकूने दोर फेकला. सापडला!

होडीत आत्या मान वर करीना. मालनने तिचे गार हात हातांत घेतले.

"तू नसतीस तर मला तो दिसलाच नसता गो."

"म्होरच्या उधानाला परत येव्या?" धाकूने विचारलं.

"नको. राहू दे त्याला तिथे."

एकदा पाहिलं की मन भरेल, असं तिला वाटलं होतं. ते भरलं नाही. कपारीवर आता नुसतं पाणी होतं, आणि किनारा येईतो मालन मान वळवून तिकडेच बघत राहिली.