उखळावरची फरशी

थाप वाटत असेल तर इथंच थांबा. माझा मामा असल्या गोष्टींना फिदीफिदी हसायचा. हल्ली हसत नाही.

१९५६ सालचा मार्गशीर्ष. तळवड्याच्या शिवारातलं एकटं घर. रात्र नव्हती, लख्ख दुपार होती. भुतांनाही आता वेळेचा धरबंध राहिलेला नाही.

घर मूळ अर्जुनरावाचं. त्याची बायको गोजाबाई भात कांडता कांडता उखळाशीच गेली. पुढं ते चाकणच्या इब्राहिमशेठनी कांदा साठवायला घेतलं. त्यांच्याकडून ज्योतीराममामानं.

मामा साताऱ्याकडचा, पिंपरीत कंपनीत कामाला. लग्न जमत नव्हतं. 'घर कुठाय?' म्हणून मुलींचे बाप उठून जायचे.

किल्ली देताना शेठ म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, काय वाटेल ते बदला. जमिनीतलं उखळ तेवढं उघडं ठेवा."

"कांद्यासंगं ऱ्हाऊन तुमी बी घाबरट झालाय, शेठ."

मामानं कौलं बदलली, चुना मारला आणि उखळावर शहाबादी फरशी ठोकली. का? तर कंपनीच्या साहेबाकडं तशी आहे. साहेबाकडं उखळ नव्हतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तिथं एरवीही फारसं काही येत नसे.

रविवारी मुलीकडचे आले. मुलीचे वडील सोपानराव आणि त्यांची बहीण सोजराबाई.

मामानं मानाची घोंगडी नेमकी त्याच फरशीवर अंथरली. उखळावर बसू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मामाच्या लेखी ती आता फरशी होती.

सोपानराव बसले. चहा मी आणला.

धप्...

चहा कपातून बशीत.

"काय वाजलं?"

"कंपनी," मामा म्हणाला.

कंपनी तिथून दोन कोस. तीही रविवारी बंद.

धप्... धप्...

सोपानराव घोंगडीसकट उडत होते. एवढ्या मानानं उडणारा पाहुणा मी पुन्हा पाहिला नाही.

मग... थांबलं.

बाहेरचे कावळेही गप्प.

खालून बांगड्या किणकिणल्या... मुसळ या हातातून त्या हातात घेताना वाजतात तशा.

सोजराबाईंनी फरशीला कान लावला.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. थोडं ऐकलं. "न्हाई, दिसाया बरा हाय... अक्कल? ती न्हाई दिसली."

मामा पांढराफटक. "आत्या, कुणाशी बोलताय?"

त्या उठल्या. "चल दादा."

सोपानराव दारातून वळले. "घर झ्याक हाय, ज्योतीराम. पण घरात आधीच बाई हाय. सवतीवर पोर देत न्हाई आमी."

ते गेल्यावर मामानं पहारीनं फरशी उखडली.

फरशी बसवताना उखळ रिकामं होतं. मी स्वतः पाहिलेलं. आता त्यात तांदूळ होते. पांढरेशुभ्र, नुकते कांडलेले...

कोमट.

लग्नाचा विषय मामानं पुन्हा काढला नाही. परवा गेलो, तर चुलीवर भात रटरटत होता.

"मामा, तुला कधीपासून भात यायला लागला?"

"बस की जेवाया. पानं मांडलीत."

पानं तीन होती. आम्ही दोघं.

पोट दुखतंय म्हणून निघालो. मामा पानावरून उठलाही नाही.

तरी माझ्यामागं दार लागलं... अगदी सावकाश, पाहुण्याला राग येऊ नये असं.